फिगर स्केटिंग: स्पर्धेची वर्षे आणि त्यानंतरचे आयुष्य — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ला या भागांतून पालक आणि विद्यार्थी या खेळाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "ऑलिंपिकला किती वर्षांत जाता येईल?" असा असतो. तो प्रश्न रास्त आहे. परंतु या खेळातील स्पर्धेची वर्षे थोडी असतात आणि त्यानंतर जगायची वर्षे कितीतरी अधिक, म्हणून त्या नंतरच्या वर्षांना येथे मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

१. फिगर स्केटिंग म्हणजे नेमके काय? आमची मुलगी शाळेच्या मैदानावर चाकांचे स्केट्स घालते, तोच हा खेळ का?

तो खेळ वेगळा आहे, पण तोल सांभाळण्याचे मूळ कौशल्य दोन्हींत मिळतेजुळते आहे. फिगर स्केटिंग बर्फावर होते. बुटाखाली सुमारे चार मिलिमीटर रुंदीचे पोलादी पाते असते आणि त्याच्या तळाला लांबीभर पन्हळीसारखी खोबण असल्यामुळे प्रत्येक पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. खेळाडू सरळ पात्यावर जवळजवळ कधीच उभा नसतो. तो सतत या ना त्या कडेवर कललेला असतो आणि वळणे, गिरक्या, उड्या या सर्व त्या कलण्यातूनच निर्माण होतात. पात्याच्या पुढच्या टोकाला दात असतात, ते काही उड्यांसाठी बर्फात रोवले जातात. आपली मुलगी बहुधा शर्यतीचे स्केटिंग करत असावी. चाकांवरही गिरक्या आणि उड्यांचा 'आर्टिस्टिक' प्रकार आहे. त्याविषयी प्रश्न ५ पाहावा.

२. यात स्पर्धेचे किती प्रकार असतात?

पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोडी आणि आइस डान्स हे चार मुख्य प्रकार आहेत. २०१४ च्या सोची ऑलिंपिकपासून सांघिक स्पर्धाही होते. जोडीमध्ये साथीदाराला डोक्यावर उचलणे आणि हवेत फेकून उडी मारायला लावणे असते, तर आइस डान्समध्ये पदन्यास आणि संगीताशी एकरूपता यांवर भर असतो. हा खेळ हिवाळी ऑलिंपिक सुरू होण्याआधीच, १९०८ साली लंडनच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये खेळला गेला होता.

३. गुण कसे दिले जातात? टीव्हीवर पाहताना पडलेला खेळाडू कधी कधी न पडलेल्यापेक्षा पुढे असतो, हे कसे?

पूर्वी परीक्षक सहापैकी गुण देत असत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकाराच्या निकालावरून मोठा वाद झाला, रशियाच्या जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २००४ मध्ये संपूर्ण पद्धतच बदलली. आता प्रत्येक उडीला, गिरकीला आणि पदन्यासाला आधीपासून ठरलेले मूळ गुण असतात. तीन फेऱ्यांच्या ॲक्सल उडीला ८ गुण, तर चार फेऱ्यांच्या ॲक्सलला १२.५ गुण आहेत. ही एकच उडी पुढे तोंड करून मारली जाते, त्यामुळे तिच्यात अर्धी फेरी जास्त भरते. चार फेऱ्यांची ॲक्सल स्पर्धेत पहिल्यांदा यशस्वी केली ती अमेरिकेच्या इलिया मालिनिन याने, २०२२ मध्ये.

मूळ गुणांवर परीक्षक उणे ५ ते अधिक ५ अशी गुणवत्तेची भर किंवा वजावट देतात. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य यांचे गुण वेगळे असतात. पडल्याबद्दल साधारणपणे एक गुण थेट कापला जातो आणि त्या उडीची गुणवत्ताही खाली येते. तरीही फेऱ्या पूर्ण करून पडलेली अवघड उडी, सुरक्षित उतरलेल्या सोप्या उडीपेक्षा जास्त गुण देऊन जाऊ शकते. फेऱ्या पूर्ण झाल्या की नाहीत, हे परीक्षक ठरवत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र तांत्रिक मंडळ असते आणि ते चित्रफीत संथ करून पाहते. आपण पाहिलेला 'पडूनही पुढे' असा निकाल बहुतेक वेळा याच हिशेबातून येतो.

४. सुरुवात कोणत्या वयात करावी आणि कारकीर्द किती वर्षे चालते?

जागतिक पातळीवर पोहोचलेले बहुतेक खेळाडू चार ते सात वर्षांच्या दरम्यान बर्फावर उतरलेले असतात. वरिष्ठ गटात खेळण्यासाठी पूर्वी पंधरा वर्षांचे वय पुरे होते. २०२२ च्या निर्णयाने ते आधी सोळा आणि २०२४–२५ च्या हंगामापासून सतरा करण्यात आले. एकेरीतील खेळाडू बहुधा पंचविशीच्या आसपास थांबतात, तर जोडी आणि आइस डान्समध्ये तिशीपर्यंत आणि पुढेही खेळता येते.

वयोमर्यादा वाढवणे हा मला या खेळातील अलीकडचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. लहान, हलक्या शरीराने हवेत फेऱ्या घेणे सोपे असते, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलींकडून अवघड उड्या करून घ्यायच्या आणि सतराव्या वर्षी त्यांची कारकीर्द संपलेली असायची, असे अनेकदा घडत होते. आता प्रशिक्षकाला मोठ्या होणाऱ्या शरीराचा विचार करूनच आखणी करावी लागते. (याचा दुसरा भाग प्रश्न १० मध्ये आहे.)

५. कोकणात बर्फाची रिंकच नाही. मग आमच्या मुलांनी काय करावे?

आधी वस्तुस्थिती. भारतात सिमल्याला १९२० पासून चालू असलेली उघड्यावरची नैसर्गिक बर्फाची रिंक आहे, पण ती हिवाळ्यातील मोजके आठवडेच चालते. डेहराडूनला २०११ च्या सुमारास बांधलेली बंदिस्त, पूर्ण मापाची रिंक आहे. ती बराच काळ बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. गुरुग्राममध्ये एका मॉलमधील रिंकवर अनेक भारतीय खेळाडू सराव करतात. म्हणजे रत्नागिरीच्या मुलाला गंभीर सरावासाठी कोकण रेल्वेने दिल्ली गाठून तिथेच राहावे लागेल किंवा परदेशी जावे लागेल. हे आधीच स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण खोट्या आशेवर मुलाची दहावी-बारावी पणाला लावलेली कुटुंबे पाहून वाईट वाटते.

तरीही घरी बसून करण्यासारखे पुष्कळ आहे. चाकांवरील आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये कडा, गिरक्या आणि उड्यांची नावे जवळजवळ तीच आहेत आणि त्यात भारतीय खेळाडूंनी नाव कमावले आहे: हैदराबादच्या अनुपकुमार यामा याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदके मिळवली आणि २०१५ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यासाठी गुळगुळीत, सपाट आणि वर छप्पर असलेली जमीन लागते. जांभ्याचे अंगण चालत नाही, आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत चाक अडकून मनगटे मोडतात. शाळेचे सभागृह किंवा लग्नसराईबाहेरच्या दिवसांत मिळणारा मंगल कार्यालयाचा हॉल उत्तम. त्याला मल्लखांबाची जोड दिली तर दुधात साखर. शरीर हवेत असताना आपण कोणत्या दिशेला आहोत याचे भान मल्लखांबावर जसे येते तसे फार कमी खेळांत येते, आणि ते शिकवणारे गुरुजी अजून आपल्या भागात आहेत.

६. मिरकरवाड्यात मासळीसाठी बर्फाचे कारखाने चालतात, मग स्केटिंगची रिंक का होऊ शकत नाही?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण तो बरोबर ठिकाणी बोट ठेवतो. यंत्रणा खरोखरच एका कुळातली आहे. कारखान्यात थंड केलेल्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत पाण्याचे डबे बुडवून लाद्या गोठवतात. रिंकमध्ये तेच थंड मिठाचे पाणी किंवा ग्लायकॉलचे मिश्रण काँक्रीटच्या जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून फिरवतात आणि वर पाण्याचे पातळ थर फवारून, एकावर एक गोठवून तीन-चार सेंटिमीटरचा बर्फ तयार करतात. फिगर स्केटिंगचा बर्फ उणे तीन-चार अंशांच्या आसपास, हॉकीच्या बर्फापेक्षा थोडा मऊ ठेवला जातो, म्हणजे कड नीट धरते आणि उतरताना धक्का कमी बसतो.

अडचण वेगळीच आहे. लादी मासळीवर टाकून संपते, तर साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असा गोठलेला पृष्ठभाग दिवसरात्र, वर्षभर टिकवावा लागतो. कोकणातील दमट हवा त्यावर आली की धुके धरते, छपरातून थेंब गळून बर्फावर फोड येतात आणि ते टाळण्यासाठी हवा कोरडी करणारी यंत्रे बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांइतकीच महत्त्वाची ठरतात. विजेचा प्रश्नही आहेच: जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत कित्येक दिवस अंधार होता, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. माझे मत असे, की जिल्ह्याने आधी एक चांगली, छप्पर असलेली चाकांच्या स्केटिंगची रिंक बांधावी; तिचा उपयोग उद्यापासून शेकडो मुलांना होईल.

७. मुंबईच्या नातेवाइकांनी बर्फाचे स्केट्स पाठवले आहेत. पावसाळ्यात ते कसे सांभाळावेत?

पाते पोलादाचे असते आणि आपल्याकडील जून-जुलैच्या हवेत दोन-तीन दिवसांत त्यावर तांबूस ठिपके येतात. वापर झाल्यावर मऊ, सुक्या कापडाने पाते पुसावे आणि बुटाला पाते जिथे स्क्रूने बसवलेले असते, त्या सांध्यात कापडाचे टोक घालून पाणी टिपावे. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा स्क्रूच्या डोक्याखाली होते आणि बाहेरून दिसत नाही. चालताना वापरायची प्लॅस्टिकची कव्हरे ठेवताना काढून टाकावीत, कारण त्यांत ओल कोंडते. ठेवण्यासाठी कापडी पिशवीसारखी कव्हरे असतात, ती घालावीत. बुटाच्या आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते रोज बदलावेत, नाहीतर चामड्याला पांढरी बुरशी येते. ओले कपडे आपण चुलीच्या उबेला वलणीवर टाकतो, तसे बूट मात्र टाकू नयेत. उष्णतेने चामडे तडकते आणि घोट्याचा आधार जातो.

सर्वांत महत्त्वाचे: विळी-कोयतीला धार लावून देणाऱ्याकडे पाते कधीही देऊ नये. पात्याच्या तळाची खोबण सपाट घासली गेली की दोन्ही कडा नाहीशा होतात आणि पाते कायमचे निकामी होऊ शकते.

८. खर्च किती येतो, आणि जिंकल्यावर पैसा मिळतो का?

वरच्या पातळीवरील बूट आणि पाती ही दोन वेगवेगळी विकत घ्यावी लागतात आणि दोन्ही मिळून लाखाच्या घरात जातात. सतत उड्या मारणाऱ्याचे बूट वर्षभरात, कधी त्याआधीच, मऊ पडतात. वाढत्या वयाच्या मुलाचे तर आखूडही होतात. त्यावर रिंकचे तास, प्रशिक्षक, नृत्यरचना, पोशाख, प्रवास. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूच्या घरचा वर्षाचा खर्च पन्नास हजार डॉलरपर्यंत सहज जातो.

उत्पन्नाची बाजू त्या मानाने तोकडी आहे. २०२२–२३ च्या ग्रां प्री मालिकेत एका स्पर्धेच्या एकेरी विजेत्याला १८,००० डॉलर आणि पाचव्या क्रमांकाला २,००० डॉलर मिळत होते. जाहिराती आणि कार्यक्रम यांतून श्रीमंत झालेले खेळाडू आहेत, पण ते मोजके, आणि बहुतेक जपान, कोरिया, अमेरिका अशा देशांतील, जिथे प्रेक्षक तिकीट काढून येतो. म्हणून या खेळाकडे पोटापाण्याचा मार्ग म्हणून पाहू नये, असेच मी प्रत्येक पालकाला सांगतो.

९. अभ्यास आणि स्केटिंग एकत्र जमते का? की शाळा सोडावी लागते?

जमते, आणि जमवलेच पाहिजे. डिक बटन यांनी १९४८ आणि १९५२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके हार्वर्डच्या काळाच्या आसपासच मिळवली आणि पुढे तिथूनच कायद्याची पदवी घेतली. टेन्ली ऑलब्राइट यांना लहानपणी पोलिओ झाला होता. त्यांनी १९५६ मध्ये कोर्तिनाला सुवर्ण मिळवले, मग हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्या शल्यविशारद झाल्या. २०२२ चा ऑलिंपिक विजेता नेथन चेन येल विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होता. ब्रिटनच्या जेन टॉरव्हिल विमा कंपनीच्या कार्यालयात काम करत आणि क्रिस्टोफर डीन पोलीस शिपाई होते. नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने अनुदान दिल्यावरच त्यांना नोकऱ्या सोडून पूर्ण वेळ सराव करता आला आणि १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकले.

यांपैकी काहींचे घर सधन होते आणि रिंक जवळ होती, ही गोष्ट नजरेआड करू नये. कोकणातील मुलाला घर सोडूनच सराव करायचा असेल, तर त्या गावातील शाळा आधी पक्की करावी आणि रिंकचे तास मग ठरवावेत. क्रम उलटा झाला की बोर्डाच्या परीक्षेचे वर्ष हमखास हातचे जाते.

१०. वजन कमी ठेवावे लागते असे ऐकतो. मुलगी वयात आल्यावर काय होते?

उंची आणि वजन वाढले, शरीराचा घाट बदलला, की हवेत फिरण्याचा वेग आणि उडीची वेळ दोन्ही बदलतात आणि काल सहज येणारी उडी आज येत नाही. हे नैसर्गिक आहे. नवे शरीर ओळखून तंत्र पुन्हा बसवायला एक-दोन वर्षे द्यावी लागतात. दुर्दैवाने अनेक ठिकाणी वेळ देण्याऐवजी जेवण कमी केले जाते. खाण्यातून मिळणारी ऊर्जा सरावाला पुरत नसेल, तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, बारीक तडे जातात आणि मनही खचते. ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी २०१४ पासून या स्थितीला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली आहे, आणि ती मुलांमध्येही आढळते.

युलिया लिप्नित्स्काया हिने पंधराव्या वर्षी सोचीत सांघिक सुवर्ण मिळवले. एकोणिसाव्या वर्षी ती निवृत्त झाली आणि खाण्याच्या विकारावर आपण उपचार घेतल्याचे तिने जाहीरपणे सांगितले. अमेरिकेची दोन वेळची राष्ट्रीय विजेती ग्रेसी गोल्ड हिनेही नैराश्य आणि खाण्याचा विकार यांविषयी उघडपणे बोलून मदत घेतली. या दोघींनी बोलण्याचे जे धैर्य दाखवले, त्याचे मोल पदकांहून कमी नाही.

आपल्या घरात माशाचे कालवण, भात, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी असे चौरस अन्न आहे. ते मुलीच्या ताटातून कोणी प्रशिक्षक काढायला सांगत असेल, तर प्रशिक्षक बदलावा. पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. 'खेळाडूंना असे होतेच' हे उत्तर मान्य करू नये.

११. या खेळाच्या दुखापती म्हातारपणापर्यंत पुरतात का?

काही पुरतात. उडीवरून एका पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या पाच पटींहून अधिक भार त्या पायावर येतो आणि असे उतरणे दिवसातून डझनावारी वेळा, नेहमी त्याच पायावर होते. त्यामुळे खुबा, कमरेचे मणके आणि घोटा हे तीन भाग झिजतात. १९९८ ची ऑलिंपिक विजेती तारा लिपिन्स्की हिला अठराव्या वर्षीच खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागली. अमेरिकेचे माजी राष्ट्रीय विजेते रूडी गॅलिंडो यांना पुढे कृत्रिम खुबे बसवावे लागले. उड्यांची रोजची संख्या लिहून ठेवणे, दुखणाऱ्या पायाला खरोखर विश्रांती देणे आणि पहिल्या महिन्यातच नीट पडायला शिकणे एवढे केले, तरी पुष्कळ काही वाचते. निवृत्तीनंतर व्यायाम एकदम सोडणे मात्र सांध्यांना जास्त महागात पडते.

१२. स्पर्धा सोडल्यावर हे खेळाडू आयुष्यभर काय करतात?

पुष्कळसे प्रशिक्षक होतात. कॅनडाचे ब्रायन ऑर्सर यांना १९८४ आणि १९८८ मध्ये रौप्यावर थांबावे लागले, पण त्यांच्या हाताखाली कोरियाची युना किम आणि जपानचा युझुरू हान्यू हे सुवर्णविजेते घडले. काही जण इतरांसाठी कार्यक्रम रचतात. २००३ ची आइस डान्स विश्वविजेती शे-लिन बोर्न आज त्या क्षेत्रातील मोठे नाव आहे. तांत्रिक मंडळांवर (प्रश्न ३) माजी खेळाडूंची गरज असते. डिक बटन यांनी अनेक दशके दूरचित्रवाणीवर समालोचन केले आणि उडी पाहायची कशी हे प्रेक्षकांना शिकवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

बर्फावरील कार्यक्रमांची वाट जुनी आहे. नॉर्वेच्या सोन्या हेनी यांनी १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन सुवर्णपदके मिळवून लगेच व्यावसायिक कार्यक्रम आणि हॉलिवूड गाठले. आयुष्याच्या अखेरीस, १९६८ मध्ये, त्यांनी पतीसह ओस्लोजवळ आधुनिक कलेचे संग्रहालय उभारले. हान्यूने २०२२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी स्पर्धा सोडली आणि टोकियो डोमसारखे प्रचंड मैदान एकट्याच्या कार्यक्रमाने भरवले. २०११ च्या भूकंपाच्या वेळी तो सेंदाईच्या ज्या रिंकवर सराव करत होता, त्या रिंकला तो पुढे सातत्याने देणग्या देत आला आहे.

खेळाच्या पूर्ण बाहेर गेलेल्यांची उदाहरणे मला अधिक मोलाची वाटतात. डॉ. ऑलब्राइट यांचा उल्लेख वर आला आहे. पाच वेळा विश्वविजेती ठरलेली, पण ऑलिंपिक सुवर्ण कधीच न मिळालेली मिशेल क्वान आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करून २०२२ मध्ये बेलीझ देशात अमेरिकेची राजदूत झाली. पहाटे चारला उठण्याची शिस्त आणि हजारो वेळा पडून उठण्याची सवय यांचा उपयोग तिथेही होतो. मात्र हे आपोआप घडत नाही. विसाव्या वर्षापर्यंत ज्याने दुसरे काहीच केलेले नाही, त्याला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी 'मी आता कोण?' हा प्रश्न पडतो, आणि पहिली एक-दोन वर्षे फार कठीण जातात. घरच्यांनी त्या काळात पुढच्या कामाची घाई लावू नये.

१३. एकदा निवृत्त झाल्यावर परत येता येते का?

येते. कातारिना विट १९८४ आणि १९८८ ची सुवर्णपदके मिळवून व्यावसायिक झाली होती. नियम शिथिल झाल्यावर ती १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये पुन्हा उतरली. अमेरिकेच्या अलिसा लिऊ हिने सोळाव्या वर्षी निवृत्ती घेतली आणि परतून २०२५ मध्ये बोस्टनला विश्वविजेतेपद जिंकले. सर्वांत विलक्षण उदाहरण डिॲना स्टेलाटो-डुडेक हिचे आहे: कनिष्ठ गटात जागतिक रौप्य मिळवून खुब्याच्या दुखापतीमुळे तिने २००१ मध्ये खेळ सोडला, त्वचानिगेच्या व्यवसायात नोकरी केली, २०१६ मध्ये परतली आणि २०२४ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी कॅनडाकडून जोडीचे विश्वविजेतेपद मिळवले.

एक नियम मात्र अनेकांना माहीत नसतो. उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असलेल्या खेळाडूने निवृत्ती घेतली असेल, तर परतण्यापूर्वी सहा महिने आधी लेखी कळवून चाचण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते.

१४. जोडीतील एकाने खेळ सोडला तर दुसऱ्याचे काय होते?

त्याला नवा साथीदार शोधून जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, कारण उंची, पावलाची लांबी, उचलण्याची पकड सर्व बदलते. काही जण एकेरीत जातात, काही कार्यक्रमांत. रशियाच्या येकातेरिना गोर्देयेवा आणि सर्गेई ग्रिन्कोव या पती-पत्नींनी १९८८ आणि १९९४ ची सुवर्णपदके मिळवली. नोव्हेंबर १९९५ मध्ये सरावादरम्यान हृदयविकाराने सर्गेई यांचे अठ्ठाविसाव्या वर्षी निधन झाले. येकातेरिना काही महिन्यांनी त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात एकटी बर्फावर उतरली आणि पुढे एकल कलाकार म्हणून अनेक वर्षे स्केटिंग करत राहिली.

१५. माझा भाचा अमेरिकेत वाढला आहे. तो भारताकडून खेळू शकतो का?

आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा आणि ऑलिंपिक यांचे नियम वेगळे आहेत. ऑलिंपिकसाठी त्या देशाचे नागरिकत्व हवेच, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. आधी दुसऱ्या देशाकडून खेळलेला असेल, तर त्या देशाच्या संघटनेची परवानगी आणि प्रतीक्षेचा काळ हेही येते. अमेरिकेत जन्मलेली आणि तिथेच तयार झालेली तारा प्रसाद भारताकडून खेळते. २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेतही ती उतरली होती. ऑलिंपिकमध्ये भारताचा फिगर स्केटर अजून गेलेला नाही. पहिला संपर्क 'आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया'शी करावा.

१६. सर्दी-खोकल्याच्या औषधाने उत्तेजक चाचणीत अडकायला होते का?

होऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मात्रेपलीकडे निषिद्ध आहे. दम्याचा सॅल्ब्युटामॉलचा फवारा मर्यादेत चालतो. वैद्यकीय गरजेसाठी निषिद्ध औषध घ्यावेच लागत असेल, तर आगाऊ सवलत मागण्याची रीत आहे. वैद्यांकडील चूर्ण किंवा काढा यांत नेमके काय आहे ते वेष्टनावर लिहिलेले नसेल, तर तो धोका खेळाडूचाच असतो. रशियाची पंधरा वर्षांची फिगर स्केटर कामिला वालिएवा हिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकाराचे औषध आढळले आणि जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिच्यावर २५ डिसेंबर २०२१ पासून चार वर्षांची बंदी घातली. वय कमी असल्याचा आधार तिला मिळाला नाही. तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनी काय केले, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

१७. हवेत मागे कोलांटी मारणे चालते की बाद होते? दोन्ही ऐकले आहे.

दोन्ही खरे आहे, फक्त काळ वेगळा. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये टेरी कुबिका यांनी ती मारली आणि लवकरच तिच्यावर बंदी आली. फ्रान्सच्या सूर्या बोनाली हिने १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये, बंदी असतानाही, कोलांटी मारून एकाच पात्यावर उतरून दाखवले आणि गुण गमावले. ती पुढे अमेरिकेत प्रशिक्षक झाली. २०२४ मध्ये ही बंदी उठली.

१८. माझे वय पंचेचाळीस आहे, मुलगी कॅनडात आहे आणि मी हिवाळ्यात तिच्याकडे जाणार आहे. आता शिकता येईल का?

अवश्य. तेथील बहुतेक सार्वजनिक रिंकवर प्रौढांसाठी प्राथमिक वर्ग असतात आणि स्केट्स भाड्याने मिळतात. मनगट, कोपर, गुडघे यांची संरक्षक पट्टी आणि हेल्मेट घालावे. रजोनिवृत्तीनंतरचे वय असेल, तर जाण्यापूर्वी हाडांची घनता तपासून घ्यावी. पहिल्या दिवशी फक्त गुडघे वाकवून उभे राहणे, बसत पडणे आणि पुन्हा उठणे एवढेच करावे. आवड टिकली, तर जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे अठ्ठावीस वर्षांवरील हौशी खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते आणि तिच्यात साठी-सत्तरीचे स्पर्धकही उतरतात. बूट विकत घ्यायचे झाल्यास तिथेच पाय मोजून घ्यावेत, आणि परतताना प्रश्न ७ मधील सूचना लक्षात ठेवाव्यात.